स्कॉटिश-आयरिश पूर्वज शोधताना
एकेक पिढी मागे जा, मध्ये उडी नको. स्कॉटलंडमध्ये नागरी नोंदणी १८५५ पासून आहे. 'स्कॉटलंड्सपीपल' या तिथल्या सरकारी संकेतस्थळावर नोंदीची प्रतिमा विकत घ्यावी लागते, पण पैसे वसूल होतात: मृत्यूच्या नोंदीतही आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव असतं. माहिती जावयाने दिली असेल तर सासूबाईंच्या आईचं माहेर चुकलेलं असू शकतं, तेव्हा लग्नाच्या नोंदीशी ताडून बघा.

आयर्लंडचं दुखणं वेगळं. डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याला १९२२ मध्ये लागलेल्या आगीत १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. १९०१ आणि १९११ च्या फुकट बघता येतात. त्या दहा वर्षांत आजोबा पंधरा वर्षांनी म्हातारे झालेले दिसले तर दचकू नका. मध्ये, १९०९ मध्ये, सत्तरीनंतरची पेन्शन सुरू झाली होती! नुसतं 'काउंटी कॉर्क' असं जिल्ह्याचं नाव पुरत नाही. टाउनलँड, म्हणजे साधारण आपल्या वाडीएवढा भाग, कळला की ग्रिफिथच्या मूल्यांकनात, म्हणजे करासाठी केलेल्या जमीन-घरांच्या पाहणीत (१८४७-६४), जमीन कसणाऱ्याचं नाव सापडू शकतं. आडनावातला 'ओ' किंवा 'मॅक' कधी असतो, कधी गळतो, दोन्ही शोधा.

नातेवाइकांना जेडकॉम (GEDCOM, वंशवृक्षाची माहिती देवाणघेवाणीसाठी साठवणारी) फाइल पाठवण्याआधी हयात माणसांचे तपशील काढा. प्रत्येक तारखेपुढे ती कुठल्या नोंदीतून आली ते लिहा, नाहीतर तुमचा अंदाज वर्षभरात चार वंशवृक्षांत 'पुरावा' म्हणून फिरत असेल.