समुद्रच राहणार नाही, मग कासवं कशाला?

प्रश्न : आमच्या तरुण संघानं यंदा ईस्टरची पहाटेची उपासना समुद्रकिनाऱ्यावर ठेवली आहे. त्या वाळूत कासवांची घरटी असतात. म्हणून संघाची चिटणीस या नात्यानं मी सुचवलं, की मोठे दिवे नकोत आणि शेवटी फुगे सोडायचा कार्यक्रमही नको. त्यावर मंडळीतले एक वडीलजन म्हणाले, "प्रकटीकरणाचा एकविसावा अध्याय वाच. नव्या पृथ्वीवर समुद्रच नाही. आपल्याला आत्मे वाचवायला पाठवलंय, कासवं नव्हे." सगळे हसले. मला उत्तर सुचलं नाही. ताई, शास्त्र खरंच असं सांगतं का?

उत्तर : वचन आहे, आणि त्यांनी अध्यायही बरोबर सांगितला. पण मग प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्याच पाचव्या अध्यायातलं तेरावं वचनही त्यांना वाचायला सांग. आकाशात, पृथ्वीवर, पृथ्वीखाली आणि समुद्रात जे जे प्राणी आहेत, ते सगळे कोकऱ्याचं, म्हणजे ख्रिस्ताचं, स्तवन करतात, असं ते पुस्तक लिहिणारा योहान तिथे ऐकतो. त्या गायनवृंदात मासे आहेत, देवमासे आहेत आणि तुझी कासवंही आहेत. उपासनेला येणाऱ्यांची वाट अडवून आपण उपासना करायची का, एवढंच विचार.

आता एकविसावा अध्याय. योहान हे दर्शन पाहतो तेव्हा पात्म बेटावर आहे, आणि त्याच्या मंडळ्या पाण्यापलीकडे. तेराव्या अध्यायात श्वापद समुद्रातूनच वर येतं. अठराव्या अध्यायात बाबेल या जुलमी नगराचा व्यापार जहाजांवर चालतो. त्या मालाची यादी सोन्यारुप्यापासून सुरू होते आणि माणसांवर येऊन संपते. ताटातूट, श्वापद आणि गुलामांची खरेदी-विक्री यांचा हा समुद्र संपला, असं मी ते वचन वाचते. कुणाला अक्षरशःच घ्यायचं असेल तर तसं घ्यावं. पण पहिली पृथ्वीही निघून जाते, हे त्याच वचनात आहे. म्हणून गळणारं छप्पर दुरुस्त करायचं कुणी थांबवलेलं मी पाहिलं नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते बायबलचं पहिलं पान. देवाचा पहिला आशीर्वाद कुणाला मिळाला, हे मी दृढीकरणाच्या वर्गात दरवर्षी विचारत असे. मुलं हमखास "आदामाला" म्हणत. उत्पत्ती १:२२ उघडायला लावलं की वर्ग गप्प! फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा, समुद्रातील पाणी व्यापून टाका, हा आशीर्वाद पाचव्या दिवशी जलचरांना आणि पक्ष्यांना मिळतो. माणूस तेव्हा अजून घडलेलाच नाही. सहाव्या दिवशी त्याला सत्ता मिळते खरी, आणि वडीलजन २८वं वचन काढणारच. पण ही सत्ता ज्यांच्यावर मिळते, त्यांना देवानं आधीच आशीर्वाद देऊन ठेवला आहे. तो आशीर्वाद रद्द करायचा अधिकार त्या वचनात मला कुठेच सापडलेला नाही.

"आधी माणसं, मग मासे," असंही कुणी म्हणेल. त्यांना न्यूफाउंडलंडची गोष्ट सांग. शतकानुशतकं कॉड माशावर जगलेला तो किनारा. प्रचंड यांत्रिक बोटींनी मासा असा उपसला, की १९९२ मध्ये कॅनडाच्या सरकारला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. ती तीन दशकांहून अधिक काळ चालली. "समुद्रातले मासेही नाहीसे होत आहेत" असं होशेय संदेष्टा त्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात म्हणतो, तेव्हा तो लबाडी, चोरी आणि रक्तपाताविषयी बोलत असतो. माणसाचं पाप आणि रिकामा समुद्र त्यानं एकाच दमात सांगितले आहेत.

हे नवं फॅड आहे, असंही ऐकावं लागेल. सातव्या शतकात इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या फार्न बेटांवर राहणाऱ्या संत कथबर्टनं तिथल्या आयडर बदकांना अभय दिलं, अशी परंपरा आहे. नॉर्थम्बरलंडमध्ये त्या बदकाला आजही त्याच्याच नावानं ओळखतात. आणि १९९७ मध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळीचे वरिष्ठ धर्मगुरू बार्थोलोम्यू यांनी सृष्टीची नासाडी हे पाप आहे, असं उघड सांगितलं. पर्यावरणप्रेमींच्या सभेत सोपी टाळी मिळवणारं वाक्य आहे खरं, पण पाप म्हटलं की पश्चात्ताप आला, आणि पश्चात्ताप म्हणजे वागणं बदलणं.

तेव्हा तुझ्या फुग्यांकडे येते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं, की समुद्रपक्ष्यानं कठीण प्लास्टिक गिळलं त्यापेक्षा फुगा गिळला तर तो मरण्याची शक्यता ३२ पट असते. मऊ रबर आतड्यात अडकून बसतं. पुनरुत्थानाच्या सकाळी हे नको, एवढं तरी सगळ्यांना पटायला हरकत नाही. दिव्यांबद्दल तुझं बरोबरच आहे. पिल्लं बहुतेक रात्री बाहेर पडतात आणि क्षितिजावर जिकडे जास्त उजेड तिकडे धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. तुमचा फ्लडलाइट लागला की ती जमिनीकडे वळतात आणि वाळूतच सुकून किंवा कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी मरतात. शिवाय गाड्या वाळूत उतरवू नका, खुर्च्याही भरतीच्या रेषेच्या वर रोवू नका, घरटी तिथेच असतात. घरट्यांची राखण करणाऱ्यांना आधी भेटून जागा ठरवा.

अंधारात वचनं कशी वाचायची, हा प्रश्न बैठकीत येईलच. थोडं उशिरा, उजाडल्यावर सुरू करा. स्त्रिया कबरेकडे गेल्या तेव्हा सूर्य उगवला होता, असं मार्क सांगतो. आणि स्तोत्र १०४ चं वाचन त्या वडीलजनांकडेच दे. समुद्रात खेळण्यासाठी देवानं लिव्याथान हा अजस्र जलचर निर्माण केला, हे सव्विसावं वचन त्यांच्या खणखणीत आवाजात चांगलं वाटेल, आणि माइक हातात असेपर्यंत ते वाद घालणार नाहीत.