नेपाळमध्ये माओवादी यादवीनंतर लोकशाही गावातून उभी राहिली, ती कशी? आमच्या गडचिरोलीतल्या ग्रामसभेनं त्यातून काय घ्यावं?

२००६च्या जनआंदोलनानं राजाला नमवलं, पण गावानं मिळून कारभार करायची सवय आधीचीच. १९९३च्या वन कायद्यानं जंगल गावाच्या उपभोक्ता गटांकडे, म्हणजे ते जंगल वापरणाऱ्या घरांच्या गटांकडे गेलं. स्थानिक निवडणुका १९९७ नंतर थेट २०१७ मध्ये झाल्या. मधल्या काळात पुष्कळ गावांत निवडून आलेलं काही होतं तर या गटांची वनसमितीच. २०१७ला प्रत्येक वॉर्डात दोन बायका, त्यातली एक दलित, निवडून देणं सक्तीचं झालं. (आपल्याकडे आरक्षण आहे, पण खुर्चीत बरेचदा सरपंचपतीच!)

तुमच्याजवळ मेंढा-लेखा गाव आहेच. २००९ला सामूहिक वनहक्क मिळाला, मग बांबूचा पैसा ग्रामसभेकडे आला. तुम्ही तेंदूपत्त्यापासून सुरुवात करा. कंत्राटदाराशी बोलणी भर सभेत, बायांसमोर. हिशेबही तिथंच वाचा, दोघा-चौघा पुढाऱ्यांवर सोडू नका.