समोरच्याच्या वेळेचाही हिशेब धर

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र आणि सोबतची खरेदीची यादी, दोन्ही नीट वाचलं. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात प्रौढांसाठीची छायाचित्रं करायचं तू ठरवलंस याचा मला मनापासून आनंद झाला. देहाकडे आणि जवळिकीकडे कुणीतरी सवडीने, आदराने पाहावं असं मला फार वाटतं. पण तू विचारलंस ते पैशांचं, आणि यादीही पैशांचीच आहे. या छंदात सगळ्यात जास्त खर्च होतो तो वेळ, आणि तोही एकट्या तुझा नाही.

आधी पैशांचं उरकून घेऊ. एका अमेरिकी डॉलरला साधारण २५० लिंडन डॉलर, म्हणजे तिथलं चलन, मिळतात. अवतारासाठी, म्हणजे तिथल्या आपल्या देहासाठी, मेश (त्रिमितीय साच्याचं) शरीर, डोकं, त्वचा, केस घेता घेता काही हजार लिंडन सहज जातात आणि डॉलरमध्ये तो आकडा लहान दिसतो, म्हणून हात सैल सुटतो. यातल्या बऱ्याच वस्तू नो ट्रान्सफर असतात. मन भरलं तरी विकता येत नाहीत की कुणाला देता येत नाहीत. चांगली दुकानं डेमो देतात. तो चढवून तुझ्या प्रकाशात, तुझ्या कोनातून बघ आणि मगच ठरव. भिंतीवरच्या चित्रासाठी किंवा चादरीच्या नक्षीसाठी तर पैसे लागतच नाहीत. साध्या खात्यावर १०२४ पिक्सेलपर्यंतचं टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं चित्र, अपलोड करायला १० लिंडन पडतात, पण लोकल टेक्स्चर फुकट असतं. ते फक्त तुझ्या स्क्रीनवर दिसतं, आणि फोटो तुझ्याच स्क्रीनवरून निघणार आहे! आकाश आणि सूर्य यांचंही तसंच. फायरस्टॉर्म या व्ह्यूअरमधलं, म्हणजे सेकंड लाइफ ज्यातून बघतो त्या प्रोग्रॅममधलं, फोटोटूल्स उघडून बस, खूप काही हाताशी येईल.

आता खरं काम. एका माणसाचा हात दुसऱ्याच्या कमरेवर, एवढंच चित्र घे. सेकंड लाइफमधल्या देहांना एकमेकांचा स्पर्श कळत नाही. बोटं कमरेतून आरपार जातात. विकत घेतलेली जोडीची पोझ ती बनवणाऱ्याच्या अवतारांच्या मापाची असते. तुमच्यातलं एक जण जरा उंच निघालं की तळवा कमरेऐवजी बरगडीवर येतो. मग उंचीचा स्लायडर हलव, अवतार किंचित मागे सरकव, पुन्हा जवळून बघ. चार बोटं बरोबर बसली की अंगठा आत गेलेला सापडतो. २०१६ मध्ये बेंटो हा अवतारांचा नवा सांगाडा आल्यापासून बोटांना स्वतःची हाडं मिळाली, त्यामुळे हात जिवंत दिसतो. पण जुळवायचे सांधेही वाढले. ब्लॅक ड्रॅगन व्ह्यूअरमध्ये सांधे एकेक करून वळवता येतात. एवढं झाल्यावरही कातडीवर दाब दिसत नाहीच. बोटाखालची ती बारीक सावली आणि मांसाचा हलका खळगा नंतर एडिटिंगमध्ये हाताने काढावा लागतो. गिम्प हे फुकटचं एडिटिंग सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. संध्याकाळ कुठे गेली कळत नाही, आणि मला ती गेल्याचं कधी वाईट वाटत नाही.

पण हे सगळं चालू असताना समोर एक जण पोझवर बसून असतं. त्यांच्याकडे कदाचित मध्यरात्र असेल, सकाळी कामावर जायचं असेल, आणि त्यांच्या स्क्रीनवर तासभर काहीच घडत नसतं. मॉडेल होऊन बसणारे बहुतेक जण मैत्रीखातर बसतात, म्हणून त्यांचा वेळ गृहीत धरला जातो. हे मला अजिबात पटत नाही. तू एक फुकट दुसरं खातं उघड. जोडीदाराकडून त्यांच्या शेपचे, म्हणजे देहाच्या मापांचे, आकडे मागून घे, त्या खात्यावर डेमो शरीर चढव आणि सगळी उजळणी त्याच्यावर कर. दोन व्ह्यूअर एकदम चालवताना ग्राफिक्स खाली ठेव, उजळणीला सावल्या लागत नाहीत. दिवे, कोन, उंची सगळं ठरलं की मग त्यांना बोलाव. ज्या वस्तूने समोरच्याचं ताटकळणं कमी होईल, जसं नीट सरकवता येणारी पोझ किंवा जरा बरं ग्राफिक्स कार्ड, तिच्यावर खुशाल खर्च कर. केसांचा चौथा सेट थांबू शकतो.

दिव्यांच्या बाबतीत एकच सांगते. सावली पाडणारे प्रोजेक्टर दिवे एका वेळी दोनच चालतात, त्यामुळे यादीतला तो आठ दिव्यांचा स्टुडिओ खोडून टाक.

पुन्हा पुन्हा द्यावे लागणारे पैसे मात्र जपून. जागेचं भाडं फोटो काढलास न काढलास तरी चालूच राहतं. अ‍ॅडल्ट दर्जाच्या जमिनीवरचा छोटा तुकडा आणि उंच हवेत एक स्कायबॉक्स, म्हणजे तरंगती खोली, सुरुवातीला एवढं बास. फ्लिकर या फोटोंच्या साइटवर २०२२ पासून अशी चित्रं फक्त प्रो खात्यावर ठेवता येतात, तेव्हा ती वर्गणी आधीच धरून चाल आणि चित्रावर रिस्ट्रिक्टेडची (फक्त प्रौढांसाठीची) खूण न विसरता लाव. आणि एका बाबतीत तडजोड नाही: चित्रातला प्रत्येक अवतार स्पष्टपणे प्रौढ दिसला पाहिजे. चेहरा, उंची, अंगलट, सगळ्यातून. शंका आली तर ते चित्र करायचंच नाही.

दोन-चार चित्रं गाजली की लोक ऑर्डरी घेऊन येतील. हजार लिंडन म्हणजे चार डॉलर. त्याला तुझ्या तासांनी भाग आणि मगच हो म्हण. मला विचारशील तर निदान पहिलं वर्षभर घेऊ नकोस. ठरलेल्या तारखेला दुसऱ्याच्या आवडीचं चित्र द्यायचं म्हटलं की अंगठ्यापाशी थांबायला सवड उरत नाही, आणि तुझ्या पाठवलेल्या नमुन्यांत जे चांगलं आहे ते नेमकं तिथेच आहे.

तयार झालेलं चित्र कुठेही टाकण्याआधी जोडीदाराला पूर्ण आकारात पाठव. नुसता होकार मिळाला म्हणून घाई करू नकोस. त्यांचं नाव टॅग करू का, हेही विचार. अवतार ओळखीचा असला की चित्र त्यांच्या मित्रमंडळात, कधी घरातही पोचतं. त्यांना नको वाटलं तर कारण विचारू नकोस आणि ते टाकू नकोस, कितीही रात्री त्यात गेल्या असल्या तरी.

सस्नेह