गडद भिंतीचा हॉल: आधी उजेड, मग शेड

दसरा-दिवाळीच्या रंगकामाआधी आलेल्या पत्रांमध्ये यंदा मोरपंखी, विटकरी, गर्द हिरव्या भिंतींबद्दल बरीच विचारणा होती. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न (ठाणे): आमचा हॉल १० बाय १५ फुटांचा आहे. १० फुटी एका बाजूला बाल्कनीचा सरकता दरवाजा आहे, दुसरी खिडकी नाही. एक भिंत गर्द मोरपंखी करायचं मनात आहे, पण सासूबाई म्हणतात हॉल कोंदट दिसेल. कोणती भिंत घ्यावी?

उत्तर: सासूबाईंची शंका रास्त आहे, पण ती प्रत्येक भिंतीला लागू नाही. बाल्कनीच्या दरवाजाची भिंत गडद करू नका. डोळा बाहेरच्या लख्ख उजेडाला जुळवून घेतो आणि त्याला खेटून असलेली मोरपंखी भिंत दिवसभर नुसती काळपट दिसते. बाजूच्या १५ फुटी भिंतींवर उजेड तिरका सरपटत येतो. त्यात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा, पत्तीचा प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. पांढऱ्या भिंतीवर हे खपून जातं, गडद भिंतीवर खपत नाही.

म्हणून बाल्कनीसमोरची १० फुटी भिंत घ्या. तिच्यावर उजेड समोरून पडतो, त्यामुळे खरा रंग दिसतो. शिवाय गडद भिंत आहे त्यापेक्षा जवळ भासते, म्हणजे बोळासारखा लांबट हॉल जरा आटोपशीर वाटतो. टीव्ही याच भिंतीवर असेल तर उत्तमच, बंद टीव्हीचा काळा चौकोन तिच्यात मिसळून जातो.

रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आणि जमिनीपासून छतापर्यंत न्या. फ्लॅटमध्ये छताखाली बीम आणि कोपऱ्यात कॉलम दोन-चार इंच पुढे आलेले असतात. भिंत मोरपंखी आणि बीम पांढरा ठेवला की भिंत बुटकी दिसते. बीमची समोरची बाजू आणि खालची कड, दोन्ही भिंतीच्याच रंगात घ्या. रंग बदलायचा तो नेहमी आतल्या कोपऱ्यात. बाहेर आलेल्या धारेवर रंग बदलला तर ती रेघ कधीच सरळ दिसत नाही.

आता दिव्यांचं. बहुतेक घरांत ६५०० केल्विनचे पांढरेफटक एलईडी असतात (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). त्यांत मोरपंखी थंड, निळसर दिसतो आणि मरून तर मातकट होतो. ३००० ते ४००० केल्विनचे दिवे घ्या, खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल तर अधिक चांगलं. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकते, गर्द मोरपंखी जेमतेम १० टक्के. म्हणून हॉलमध्ये एकच ट्यूब पुरत नाही. किमान एक दिवा खास त्या भिंतीवर उजेड टाकणारा हवा. छत आणि उरलेल्या तीन भिंती उबदार पांढऱ्या राहू द्या.

प्रश्न (सोलापूर): शेडकार्डवर आवडलेला विटकरी रंग भिंतीवर भलताच लाल दिसतोय. नमुना पाहायची योग्य पद्धत कोणती?

उत्तर: शेडकार्डवरचा तुकडा दोन बोटांएवढा आणि भोवती पांढरा कागद. त्यावरून १०० चौरस फूट भिंत ठरवू नये. भिंतीच्या मोठ्या पसाऱ्यात रंग नेहमी अधिक भडक वाटतो, म्हणून कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा थोडी मळकट, तपकिरीकडे झुकणारी शेड बहुतेक वेळा बरोबर बसते. दोन-तीन शेडचे सर्वांत लहान डबे घ्या. दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर प्रत्येकी दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी ठेवू नका. भिंतीवरच नमुना मारला तर जुना रंग शेजारी राहून डोळ्याला फसवतो. पुठ्ठा सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून पाहा, सोफ्याचं कापड आणि फरशी यांना लावून पाहा. पूर्ण वाळल्यावरच निर्णय घ्या, कारण इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं.

प्रश्न (कोल्हापूर): १२ बाय १० फुटांच्या भिंतीला गर्द मरून रंगाचे दोन हात झाले. तरी खालचा पांढरा डोकावतोय, कडेने चौकट आखल्यासारखा गडद पट्टा दिसतोय आणि मधे पॅच आहेत. रंगारी म्हणतो रंगच खराब आहे.

उत्तर: तीन दोष आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. रंग खराब असण्याची शक्यता त्यात सर्वांत कमी.

पांढऱ्या रंगात खालचं झाकायचं काम टायटॅनियम डायऑक्साइड करतं. गर्द शेड ज्या बेसमध्ये (दुकानात ज्यात रंगद्रव्य मिसळतात त्या मूळ रंगात) बनते त्यात ते नावापुरतं असतं किंवा नसतंच, नाहीतर मरूनचा गुलाबी झाला असता. मग झाकण्याचा सगळा भार रंगद्रव्यावर पडतो, आणि लाल-पिवळी रंगद्रव्यं त्यात कमजोर असतात. अशा शेडला तीन हात धरूनच चालायचं. रोलरने एका हाताला लिटरमागे साधारण १०० ते १२० चौरस फूट धरा. तुमची भिंत १२० चौरस फूट, म्हणजे तीन हातांना तीन ते साडेतीन लिटर, म्हणून चार लिटरचा डबा. एक-एक लिटरचे डबे वेळोवेळी आणले तर शेडमध्ये फरक पडू शकतो. तसे आणलेच असतील तर एका बादलीत एकत्र ढवळून घ्या. पुढच्या वेळी प्राइमरच मध्यम राखाडी करून घ्या, मरून, निळा, हिरवा यांना एखादा हात वाचतो. पिवळ्याला मात्र प्राइमर पांढराच हवा.

पाण्याकडेही लक्ष द्या. रोलर हलका फिरावा म्हणून भरपूर पाणी घालण्याची सवय असते. डब्यावर लिहिलेल्या कमाल प्रमाणापेक्षा पाणी जास्त झालं की रंगाचा थर पातळ होतो आणि कितीही हात मारा, भिंत भरत नाही.

कडेची चौकट होते ती ब्रशमुळे. छताजवळ आणि कोपऱ्यात ब्रशने केलेलं कटिंग रोलरच्या कामापेक्षा जाड आणि वेगळ्या पोताचं असतं. चारही बाजूंचं कटिंग करून ते वाळू दिलं आणि मग रोलर फिरवला की चौकट पक्की. कटिंग तीन-चार फूटच करायचं आणि ते ओलं असतानाच रोलर कडेपासून इंचभरापर्यंत न्यायचा. त्यासाठी चार इंची छोटा रोलर ठेवा.

पॅच येतात ते अर्ध्या वाळलेल्या रंगावर पुन्हा रोलर गेल्याने. काम चालू असताना पंखा बंद हवा, भिंतीवर ऊन नको आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंत एका दमात संपवायची. जेवणाची सुट्टी भिंत संपल्यावर.

आता करायचं ते असं: आधी दोन दिवस वाळू द्या. २२० नंबरच्या घासपेपरने हलका हात फिरवा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि अख्ख्या भिंतीला तिसरा हात द्या. डागापुरता रंग लावू नका, गडद भिंतीवर ठिगळ कायम दिसतं.

प्रश्न (रत्नागिरी): पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात खालून दोन फूट ओल येते, मीठही फुटतं. ऑक्टोबरमध्ये तीच भिंत गर्द निळी करायची आहे.

उत्तर: यंदा ती भिंत करू नका. ओलीचं पाणी गिलाव्यातले आणि चिऱ्यातले क्षार विरघळवतं, पृष्ठभागावर येऊन वाळतं आणि क्षार तिथेच सोडतं. निळ्यावर ती पांढरी पूड दारातूनच दिसते, मागोमाग पोपडे येतात. जांभ्याची भिंत असेल तर दगड सच्छिद्र असल्याने ती पाणी जास्त ओढते.

ओल कुठून येते ते आधी पाहा. दीड बाय दीड फूट जाड प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवसाने उघडा. आतल्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय, फक्त बाहेरच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा. भिंतीतून येत असेल तर बाहेरच्या भेगा, खिडकीखालचा उतार आणि जोत्याचा सांधा आधी दुरुस्त करा. मीठ कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलंत तर ते पुन्हा आत मुरतं. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सैल गिलावा काढून वॉटरप्रूफिंग घातलेला नवा गिलावा करा, तो २८ दिवस ठेवा आणि मग अल्कली सहन करणारा प्राइमर लावा. ओल्या, ताज्या सिमेंटवर काही गर्द शेड विटतात. निळ्याची हौस यंदाच भागवायची असेल तर दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडा.

प्रश्न (बंगळूर): भाड्याच्या घरात आहोत. सोफ्यामागची भिंत गडद हिरवी मॅट हवी आहे. घर सोडताना ती पुन्हा पांढरी करून द्यावी लागेल. आणि मॅटवर डाग पडतात म्हणतात, ते खरं का?

उत्तर: खरं आहे. साध्या मॅटमध्ये भरीचं (खडूसारख्या पुडीचं) प्रमाण जास्त असतं, त्यामुळे नखाचा ओरखडा पांढरा उमटतो आणि जोरात पुसलं तर तेवढीच जागा चकाकते. सोफ्यामागे डोक्याचं तेलही लागतं, ते मॅटमधून जात नाही. धुता येणारा मॅट किंवा हलकी चमक असलेलं सॉफ्ट शीन घ्या. मात्र चमक भिंतीचे दोष दाखवते, म्हणून आधी रात्री दिवे मालवून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. खड्डे-उंचवटे दिसले तर मॅटच बरा आणि सोफा भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ठेवा.

परत पांढरं करायला हलकी घासाई, पांढऱ्या प्राइमरचा एक हात, तो रात्रभर वाळल्यावर पांढऱ्याचे दोन, क्वचित तीन हात लागतात. हा खर्च आणि घरमालकांची लेखी परवानगी आधीच ठरवा. परवानगी मिळत नसेल तर आठ बाय चार फुटांचा ६ मिलिमीटर जाड एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा) आणा. त्याचं वजन १३-१४ किलो भरतं. रंग पुढून-मागून दोन्ही बाजूंना द्या, एकाच बाजूला दिला तर तो वाकतो. कापलेल्या कडा रंग शोषतात, त्यांना प्राइमरचे दोन हात द्या. सोफ्यामागे आडवा उभा करून वरच्या कडेला दोन एल-ब्रॅकेट लावले की भिंतीत फक्त दोन भोकं पडतात, आणि घर बदलताना पुढच्या घरी तो सोबत नेता येतो.