लेंटमध्ये 40 दिवस उपास केला तर देव मला खाण्याच्या आजारातून सोडवेल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय 19, घर ख्रिस्ती. दिवसभर जेवण टाळतेस, रात्री सगळे झोपले की भरभर खातेस आणि मग ओकून टाकतेस. दीड वर्ष झालं, घरी कुणाला माहीत नाही. दर वेळी पाप केल्यासारखं वाटतं, म्हणून यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, कडक उपास धरायचा विचार आहे.

उपास धरू नकोस. हे आधी सांगते. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल. आणि तुला 'तू' म्हणते, कारण माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे.

मी नगरची. आजोबांच्या वेळेपासून आमचं घर मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं. सतराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत मी हेच भोगलं, आणि सुरुवात उपासानेच झाली. बारावीत असताना लेंटमध्ये एक वेळचं जेवण सोडलं. उपासनेनंतर व्हरांड्यात दोघीतिघी म्हणाल्या, "किती छान बारीक झालीस गं!" ईस्टर आला नि गेला, माझा उपास काही सुटला नाही. आईने ताट वाढलं की "आज प्रार्थनेसाठी उपास आहे" म्हणायचं. आमच्यासारख्या घरात त्यावर पुढे कोण काय बोलणार?

एक रविवार अजून डोळ्यांसमोर आहे. प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. कडा काढून कापलेले पावाचे नखाएवढे चौकोनी तुकडे, शेजारी द्राक्षरसाचे इवलेसे पेले. तबक माझ्यापुढे आलं आणि माझी बोटं तीन तुकड्यांवरून फिरली. मी त्यातला सगळ्यात लहान शोधत होते. पाळकसाहेब "हे माझे शरीर आहे" म्हणत होते आणि मी मनात हिशेब करत होते. घरी येऊन खूप रडले. हा उपास देवासाठी नव्हता, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. कबूल करायला पुढे दोन वर्षं लागली.

ओळखलं कुणी, तर दातांच्या डॉक्टरांनी. वारंवार ओकल्याने पोटातलं आम्ल पुढच्या दातांच्या आतल्या बाजूचं कवच खातं. त्यांनी आरसा धरून बघितलं, आईला बाहेर बसायला सांगितलं आणि हळूच विचारलं, "जेवण बाहेर काढतेस का?" कुणीतरी सरळ विचारण्याची मी किती वाट बघत होते, ते तेव्हा कळलं.

मग मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, रक्ताच्या तपासण्या, ईसीजी. ओकण्याने शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बाहेरून अगदी धडधाकट दिसणाऱ्या मुलीलाही हा धोका असतो. म्हणून डॉक्टरकडे जाणं प्रार्थनेचं उत्तर येईपर्यंत लांबवू नकोस. चक्कर येऊन पडलीस, छातीत धडधड झाली किंवा ओकारीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

रात्रीच्या त्या खाण्याला तू 'खादाडपणाचं पाप' म्हणतेस. 1944 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात उपासमारीचा एक प्रयोग सुरू झाला. त्यातले 36 तरुण युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले होते. त्यांतले बरेच जण शांतता मानणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांतले. उपाशी माणसांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे कळावं म्हणून ते आपणहून सहा महिने अर्धपोटी राहिले. निश्चयाची कमी त्यांच्यात नक्कीच नव्हती. तरी ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसले, चिडचिडे आणि उदास झाले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर काहींचं खाणं थांबेना. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं. दिवसा जेवलीस तर रात्रीचा तो झटका हळूहळू ओसरतो. माझ्या डॉक्टरांचा पहिला नियम हाच होता: भूक असो-नसो, तीन-चार तासांनी खायचं.

विश्वास कामी आला तो इथे. एकटीने ताटासमोर बसणं मला जमत नव्हतं. मंडळीतल्या एका मावशीला आईने विश्वासात घेतलं. ती रोज संध्याकाळी साडेसातला यायची. भाकरी, आमटी, एखादी भाजी. जेवणाआधीची उपकारस्तुती तीच करायची, अगदी दोन वाक्यांची, आणि मग स्वतःही माझ्याबरोबर जेवायची. किती खाल्लंस, अजून घे, असलं काही नाही. जेवण झाल्यावर तासभर माझ्याजवळच शेंगा सोलत नाहीतर लसूण निवडत बसायची, कारण तोच तास माझा सगळ्यात अवघड असायचा. असं तिने सात महिने केलं. माझ्यासाठी तिने केलेली सगळ्यात मोठी प्रार्थना मी याच सात महिन्यांना म्हणते.

तिनेच मला एलीया संदेष्ट्याची गोष्ट पुन्हा वाचायला लावली, बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. तो झुडुपाखाली पडून मरण मागतोय. देवदूत त्याला उपदेश करत नाही, पश्चात्तापही करायला सांगत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवून म्हणतो, ऊठ, खा. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला सांगतो, कारण वाट लांबची आहे. मग मला सगळीकडे तेच दिसू लागलं. याईर नावाच्या माणसाच्या 12 वर्षांच्या मुलीला मेलेल्यातून उठवल्यावर येशू तिला खायला द्यायला सांगतो. पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर विस्तव पेटवून, मासळी भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. लहानपणापासून ऐकलेली वचनं, पण त्यातलं जेवण मी कधी बघितलंच नव्हतं.

विश्वासाच्या नावाने मला दुखवणारेही भेटले, हे लपवत नाही. एका प्रार्थना सभेत मला सांगितलं, तुझा विश्वास कमी आहे, गोळ्या बंद कर. मी त्या सभेला परत गेले नाही. 'शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर' हे वचनही कुणी तुझ्या अंगावर फेकेल. मंदिरात दिवा लावतात, झाडलोट करतात, ते उपाशी ठेवत नाहीत. संतांच्या उपासाचे दाखलेही देतील. सिएनाची कॅथरीन जवळजवळ काहीच खात नसे. 1380 मध्ये वयाच्या 33 व्या वर्षी ती गेली. कॅथलिक चर्चसुद्धा आजारी माणसावर उपासाचं बंधन घालत नाही. तू आजारी आहेस.

आता या आठवड्यात एकच कर: एका माणसाला सांग. आई, आत्या, कॉलेजमधल्या मॅडम, पाळकांची बायको, जिच्यासमोर रडता येईल अशी कुणीही. तोंडाने जमत नसेल तर तुझा प्रश्न आहे तसा तिला वाचायला दे. घरात बोलणं अशक्यच असेल तर टेलीमानसला 14416 वर फोन कर. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

लेंट मी आजही पाळते. 40 दिवस वजनकाट्यावर उभी राहत नाही, आणि कुणाच्या अंगकाठीबद्दल चांगलं-वाईट काही बोलत नाही. भस्म बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, सकाळी आठला पोहे करते, वर खोबरं-कोथिंबीर घालून. मावशी आता थकली, तिला जिना चढवत नाही, म्हणून डबा घेऊन मीच तिच्याकडे जाते.