अकरावीतल्या मुलीला 'आपल्यासारख्या' घरातल्या नायक-नायिकांच्या कोणत्या प्रेमकादंबऱ्या द्याव्यात?

तुमचं म्हणणं असं की मुलगी दिवसभर इंग्रजी लव्हस्टोऱ्या वाचते, त्याही सगळ्या गोऱ्या मुलींच्या. वेगळ्या घरातली नायिका असलेलं काही आहे का, आणि ते वाचू द्यावं का? वाचू द्या. नाही दिलं तर मोबाइलवर वाचेलच, आणि तिथे काय वाचते याचा तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

मी गोव्यात फोंड्याला हायर सेकंडरीत शिकवते. ही पुस्तकं वर्गात बाकांखालून फिरत असतात. एकदा माझ्या हातात आलेल्या प्रतीत खुणेला कदंब बसचं तिकीट होतं आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'सेम माझी आई'.

पुस्तक होतं संध्या मेनन यांचं 'व्हेन डिंपल मेट ऋषी' (2017). डिंपलला कोडिंग करायचंय, आईचा जीव मात्र काजळात आणि चांगल्या स्थळात. दोन्हीकडच्या आईवडिलांनी आपसात ठरवून टाकलंय. ऋषीला ते ठाऊक, हिला काहीच नाही. तो भेटल्या भेटल्या तिला 'होणारी बायको' म्हणून हाक मारतो आणि ही कोल्ड कॉफी त्याच्या अंगावर फेकून पळते. पुढे गोष्ट गोड होते, जरा जास्तच. पण आईवडिलांचं ऐकणारा ऋषी बावळट दाखवलेला नाही, हे मला फार आवडलं. 2020 ची 'मिसमॅच्ड' ही वेबसिरीज यावरूनच केलेली. त्यात प्राजक्ता कोळी असल्यामुळे मुलींनी ती बहुतेक पाहिलेली असते. सिरीज सुरू होते जयपूरला, पुस्तक घडतं सॅन फ्रान्सिस्कोत.

आडनाव पटेल ठेवलं, मधूनमधून समोसे पेरले की झालं, अशीही पुस्तकं ढिगानं निघतात. मी एवढंच बघते की घरची भाषा, धर्म, नातेवाईक काढून टाकले तर गोष्ट अडते का. अडत नसेल तर पैसे वाया.

डेव्हिड यून यांच्या 'फ्रँकली इन लव्ह'मध्ये (2019) पदोपदी अडते. फ्रँकचं प्रेम गोऱ्या मुलीवर, घरच्यांना हवी कोरियन. ओळखीतल्या जॉयचीही तीच गत, तिचा मित्र चिनी वंशाचा. मग ही दोघं आपसात जमल्याचं नाटक करतात आणि दोन्ही घरं खूश! फ्रँकला आईवडिलांची कोरियन धड येत नाही, हे आपल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. घरी कोंकणी, आजोबांच्या हातात मराठी पेपर, चौथीपर्यंत एक माध्यम आणि पाचवीला इंग्रजीत उडी, हे सगळं त्यांनी पाहिलेलंच असतं.

निकोला यून यांचं 'द सन इज ऑल्सो अ स्टार' (2016) माझ्या मते यात सर्वांत सरस. न्यूयॉर्कमधला एकच दिवस. नताशाच्या जमैकन कुटुंबाला त्याच रात्री देशाबाहेर काढणार आहेत आणि सकाळी तिला डॅनियल भेटतो. त्याच्या कोरियन आईवडिलांचं दुकान कृष्णवर्णीयांच्या केसांच्या सामानाचं. तो तिला तिथे नेतो, तर बाप तिचे मोठे कुरळे केस बघून ते सरळ करायचं क्रीमच पुढे करतो. तो प्रसंग मी वर्गात वाचून दाखवलाय. एरवी चुळबुळणारी शेवटची रांगही गप्प होती.

जेनी हान यांची लारा जीन या कोरियन वंशाच्या मुलीची मालिका ('टू ऑल द बॉइज आय हॅव लव्हड बिफोर' आणि पुढची पुस्तकं) सगळ्यांना ठाऊक असते, वाचायला सोपी आहे, सुरुवातीला बरी. ताहेरे माफी यांचं 'अ व्हेरी लार्ज एक्स्पान्स ऑफ सी' (2018) मात्र बोचतं: 2002 सालची अमेरिका, हिजाब घालणारी इराणी वंशाची शिरीन, शाळेत रोजच्या शिव्या. यातली भाषा कडक आहे, आधी तुम्ही चाळा. डिंपलमध्येही दोघं शेवटाकडे जवळ येतात, वर्णन उघडंवाघडं नाही. फ्रँकच्या वडिलांचं आजारपण गंभीर आहे. घरात कुणी आजारी असेल तर ते पुस्तक आत्ता नको.

विकत घेण्याआधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात चौकशी करा. आणि पहिलं पुस्तक तिलाच निवडू द्या, तुम्ही दुसरं निवडा.