जर्मनीत स्टुटगार्टला येताय ना, मग नेटचं आधी ऐका

तुम्ही विचारलंय की घरी डीएसएल (फोनच्या तारेवरचं नेट) घेऊ, केबल (टीव्हीच्या तारेवरचं) घेऊ की सिमवाला राउटरच बरा, कारण वहिनी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणार आणि तुमच्या महिन्यातून दोन झुरिक वाऱ्या. स्पीडचं नंतर बघू, आधी एक सांगतो, कायमचं घर मिळेपर्यंत २४ महिन्यांचा करार करू नका. मी आल्या आल्या तात्पुरत्या फ्लॅटवर केला. टेक्निशियन ८ ते १२ मध्ये येणार म्हणून सुट्टी टाकून बसलो, चहा दोनदा झाला, कोणीच नाही. तो खाली येऊन गेला होता म्हणे! बेलवर घरमालकाचं आडनाव, माझं नाहीच, आणि इथे फ्लॅट नंबर वगैरे भानगड नसते हो, बेलवरचं आडनाव हाच पत्ता. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

म्हणून पहिले दोन महिने महिन्या-महिन्याने बंद करता येणारा सिमवाला राउटर, घर बघताना खिडकीपाशी फोनवर त्याच नेटवर्कची रेंज बघून घ्या.

मग डीएसएल की केबल? केबल संध्याकाळी रडते, कारण लाइन आख्ख्या गल्लीत वाटली जाते. पण वहिनींना त्याचं काय, भारत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे, त्यांचं ऑफिस इथल्या दुपारी दोन-तीनलाच सुटणार, रडायचं ते तुमच्या वेब सिरीजने. त्यांनी बघायचं अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणारा स्पीड. केबलचं १००० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं तरी अपलोड साधारण ५०, आणि १०० च्या डीएसएलला ४० मिळतं, म्हणजे जाहिरातीतल्या आकड्याला भुलू नका. बिल्डिंगमध्ये फायबर आलेलं असेल तर डोळे झाकून घ्या, "लवकरच येतंय" याला मात्र काही अर्थ नाही.

आणि हो, डिसेंबर २०२१ पासून कायदा बदललाय, पहिली मुदत संपली की एका महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं, आधीसारखं आपोआप अजून वर्षभर अडकत नाही.

झुरिकचं वेगळंच. २०१७ पासून ईयूमध्ये (युरोपियन युनियनमध्ये) रोमिंग घरच्याच दरात आहे पण स्वित्झर्लंड ईयूत नाही, त्यामुळे प्लॅनमध्ये ते नाव लिहिलेलं आहे का बघा नाहीतर तिथलं ईसिम घ्या. ट्रेनने सीमेजवळचं सिंगेन सोडलं की जर्मन सिमचा डेटा बंद करायचा, पुढे शाफहाउझेनला फोन स्विस नेटवर्क पकडतोच, मी तिथेच झोपलो होतो आणि फोन बिचारा मन लावून फोटोंचा बॅकअप घेत होता.